काजळी घासण्याआधी

मागच्या पावसाळ्यात आमच्या घरी रोज सकाळी एक लहानसा वाद ठरलेला असे. अम्मी टोप घासायला बसल्या की म्हणायच्या, "तुमची ही शेगडी टोपाचं बूड काळंकुट्ट करते." आम्ही शाळेची पिशवी खांद्याला लावता लावता म्हणायचो, "अम्मी, तुम्ही पेलेट जास्त भरता." आणि निघून जायचो.

गॅसला जोड म्हणून ही पेलेटची शेगडी आम्हीच हौसेने आणली होती. लाकडाचा भुसा, शेंगांची टरफलं किंवा उसाची चिपाडं दाबून केलेल्या कांड्या म्हणजे पेलेट. खालच्या डब्यातला पंखा हवा फुंकतो. थोडी हवा जाळीतून वर येते आणि पेलेट तापवून त्यांतून वायू काढते. बाकीची हवा वरच्या कडेच्या छिद्रांतून येऊन तो वायू पेटवते. हवा पुरेशी असली तर धूर नावापुरता. ती कमी पडली की न जळलेला कार्बन टोपाला चिकटतो, तीच काजळी.

हे आम्हाला ठाऊक होतं. वर्गात ज्वलन शिकवताना फळ्यावर लिहीतही होतो. पण घरातल्या शेगडीकडे कधी वाकून पाहिलं नाही.

मग एका रविवारी मुसळधार पाऊस होता. अम्मींनी झड आत येते म्हणून पडवीचं दार आणि खिडकी लावून घेतली. तासाभराने पाहतो तर त्या कपाळ धरून बसलेल्या. डोकं जड, मळमळ, उठायला गेल्या तर घेरी. आम्ही दारं उघडली, त्यांना ओट्यावर मोकळ्या हवेत आणलं आणि डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "खिडकी उघडी होती का?" अल्हमदुलिल्लाह, त्या दिवशी वेळेवर निभावलं.

त्या संध्याकाळी शेगडी थंड झाल्यावर आम्ही ती प्रथमच नीट उघडली. पोतं ओल्या भिंतीला टेकलेलं, तोंड उघडं. पेलेट फुगून मऊ झालेले, चिमटीत धरताच भुगा होत होता. चांगला पेलेट कट्‌कन मोडतो. त्यात ओलावा १० टक्क्यांच्या आत असावा. जाळीत चार दिवसांची राख दाबून बसलेली. वरची निम्मी छिद्रं काजळीने बुजलेली. बॅटरी नीट चार्ज न झाल्याने पंखा मंद. पोतं आम्ही ठेवलेलं, चार्जिंगही आमच्याकडे. अम्मींवर ठेवलेला आरोप आमचाच निघाला.

आता आमच्याकडे शिस्त अशी आहे. पेलेट झाकणाच्या पिंपात, जमिनीपासून उंच. तळाचा भुगा चाळून बाजूला. प्रत्येक वेळी पेटवण्याआधी जाळीतली राख झाडायची. आठवड्यातून एकदा थंड शेगडीची छिद्रं बारीक तारेने मोकळी करायची. पेलेट वरच्या छिद्रांच्या खालीच भरायचे.

राखही बोलते. ती पांढुरकी, भुरभुरीत असली तर जळण नीट झालं. काळे तुकडे राहिले तर हवा कमी पडली. दगडासारखे खंगर झाले तर बहुधा मालच तसा आहे. भाताच्या तुसात वजनाच्या १५ ते २० टक्के राख निघते, स्वच्छ लाकडाच्या भुशात जेमतेम एक टक्का. म्हणून स्वस्त पोतं घेताना ते कशाचं आहे हे विचारून घ्यावं.

काढलेल्या राखेत निखारा तासन्‌तास जिवंत राहतो. ती पत्र्याच्या झाकणबंद डब्यात, घराबाहेर ठेवावी. पूर्ण गार झाली की माडाच्या आळ्यात थोडी टाकता येते. मात्र रंगीत लाकडाची किंवा प्लायची राख झाडांना नको.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटी. ज्योत विझून नुसते निखारे उरतात तेव्हा धूर दिसत नाही आणि आपल्याला वाटतं, आता दार लावायला हरकत नाही. पण कार्बन मोनॉक्साइड खरा तेव्हाच जास्त निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. स्वच्छ केलेली शेगडीसुद्धा बंद खोलीत जाळू नये, निखारे घेऊन थंडीत खोली ऊबदार करू नये. डोकं दुखू लागलं तर चहा घेऊन बसू नका, आधी बाहेर पडा.

अम्मी आता खिडकी उघडी ठेवतात. झड येऊ नये म्हणून आम्ही बाहेरून पत्र्याची झापड लावून दिली आहे. टोप अजून थोडे काळे होतातच. पण आता घासायला त्या बसल्या की आम्ही पिशवी खाली ठेवतो आणि आधी विचारतो, "आज किती काजळी आहे?"