योगासने आणि ख्रिस्ती श्रद्धा : धाक नको, उत्तर हवे

आपल्या धर्मग्रामांत काही प्रश्न उघडपणे विचारले जातात, तर काही कुजबुजत. मृतांसाठी मिस्सा का अर्पण करावी, संतांची मध्यस्थी का मागावी, हे प्रश्न धर्मशिक्षणाच्या वर्गात येतात आणि त्यांना उत्तरेही मिळतात. पण लोणावळा-खंडाळ्यापासून तळेगावपर्यंतच्या आमच्या मावळात एक प्रश्न असा आहे की, तो मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर, तोही इकडेतिकडे पाहून विचारला जातो. तो प्रश्न म्हणजे, ‘ख्रिस्ती माणसाला योग चालतो का?’

हा प्रश्न इथे निर्माण व्हावा हे अगदी स्वाभाविक आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधामाची स्थापना केली. आसने आणि प्राणायाम यांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे क्ष-किरण यंत्रासारख्या साधनांनी तपासून पाहण्याचा उद्योग त्यांनी आरंभिला आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. आज शंभर वर्षे उलटली आहेत. देशोदेशींची माणसे योग शिकण्यासाठी ज्या गावात येतात, त्याच गावात आपली कुटुंबे राहतात. डॉक्टर दम्याच्या रोग्याला प्राणायाम सुचवतात. २०१५ सालापासून २१ जूनला आंतरराष्ट्रीय योगदिन पाळला जातो आणि शाळेची सूचना घरी येते. एखाद्या योगकेंद्राच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या ख्रिस्ती बाईलाही आपल्या मिळकतीविषयी मनात शंका यावी, इतका हा विषय आपल्या उंबरठ्याशी आलेला आहे.

असे असताना श्रद्धावंतांना उत्तर काय मिळते? बहुधा दोनच उत्तरे मिळतात आणि आमच्या मते ती दोन्ही आळसाची आहेत. पहिले उत्तर धाकाचे. आसन घातले की सैतानाला दार उघडले, प्राणायाम केला की दुष्ट आत्मा शिरला, असे काही प्रार्थनासभांतून सांगितले जाते आणि मोबाइलवरून घरोघर पोहोचते. दुसरे उत्तर बेफिकिरीचे. सगळे मार्ग शेवटी सारखेच, मग विचार कशाला करायचा, असे म्हणून सुशिक्षित मंडळी हात झटकतात. पहिल्या उत्तरात ख्रिस्तावर भरवसा नाही. दुसऱ्यात ख्रिस्ताची ओळखच उरत नाही.

आधी धाक घालणाऱ्यांना उत्तर देऊ. वाचकहो, पवित्र शास्त्रात योगाचा उल्लेख नाही. परंतु याच जातीचा एक प्रश्न करिंथ शहरातील ख्रिस्ती मंडळीपुढे उभा होता. मूर्तीला वाहिलेले मांस बाजारात विकले जात असे. ते खावे की न खावे? संत पौलाने पहिल्या पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायांत त्याचा सविस्तर ऊहापोह केला आहे. देव एकच असल्यामुळे मूर्तीला सत्ता नाही, तेव्हा बाजारातले मांस चौकशी न करता घ्यावे, हे तो सांगतो. त्याच वेळी मूर्तिपूजेच्या पंक्तीला बसून प्रभूच्या मेजाशी भागी होता येणार नाही, हेही तो बजावतो. आपल्या मोकळेपणामुळे दुबळ्या बंधूला ठेच लागत असेल तर आपण जपून वागावे, असे तो सुचवतो; आणि रोमकरांना लिहिताना खाणारा व न खाणारा अशा दोघांनाही एकमेकांचे न्यायाधीश होण्यास मनाई करतो. वस्तू आणि उपासना यांत भेद करणारे, मर्यादा दाखवणारे आणि प्रेमाचे भान ठेवणारे असे हे उत्तर आहे. त्यात सैतानाचा बागुलबुवा कोठे आहे?

जे परधर्मीयांच्या घरातून आले ते सारे विटाळलेले, हा विचार ख्रिस्तसभेने स्वीकारलेला नाही. तसा तो स्वीकारला असता तर मराठी ख्रिस्ती साहित्याचा पायाच घातला गेला नसता. फादर थॉमस स्टीफन्स यांनी जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापून प्रसिद्ध झाले. ओवी ज्ञानेश्वर-एकनाथांची म्हणून ती त्यांनी टाकून दिली नाही. तिच्यातूनच तारणाची कथा सांगितली. त्याच काळात मदुराईत फादर रॉबर्ट दी नोबिली यांनी संन्याशाचा वेष घेतला आणि नवख्रिस्ती ब्राह्मणांना जानवे, शेंडी व चंदन ठेवू दिले, म्हणून त्यांच्यावर गहजब झाला. वाद रोमपर्यंत गेला आणि १६२३ साली पंधरावे पोप ग्रेगरी यांनी अंधश्रद्धेचा भाग वगळण्याच्या अटीवर या गोष्टींना मुभा दिली. वैचारिक कष्ट घेऊन हा निर्णय झाला. त्या कष्टांना चारशे वर्षे झाल्यावर आपण नुसत्या ‘हराम’ आणि ‘हलाल’च्या याद्या कराव्यात काय?

शरीर आणि श्वास यांची प्रार्थनेशी असलेली जवळीकही परकी नाही. लोयोलाचे संत इग्नेशियस आपल्या आध्यात्मिक साधनेच्या ग्रंथात साधकाला गुडघे टेकून, पालथे पडून, उताणे पडून, बसून वा उभे राहून, ज्या स्थितीत लाभ होईल त्या स्थितीत मनन करण्यास सांगतात. ‘हे आमच्या स्वर्गीय बापा’ ही प्रार्थना एकेका श्वासागणिक एकेक शब्द घेत करण्याची पद्धतही त्यांनी शिकवली आहे. पौर्वात्य ख्रिस्ती मठवासी शतकानुशतके श्वासाच्या लयीवर येशूनामाचा जप करीत आले आहेत. श्वास ही कोणत्याही एका धर्माची मालमत्ता नव्हे. उत्पत्तीच्या पुस्तकाप्रमाणे तो मातीच्या माणसात देवाने फुंकलेला आहे.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. सगळे सारखेच म्हणणाऱ्यांनी पातंजल योगसूत्रे एकवार तरी समजून घ्यावीत. योगाची आठ अंगे आहेत. आसन हे त्यांतले केवळ तिसरे. अहिंसा, सत्य, अस्तेय हे यम त्याच्याही आधी येतात आणि त्यांच्याविषयी कोणाही ख्रिस्ती माणसाला आदरच वाटेल. परंतु शेवटचे साध्य आहे कैवल्य, म्हणजे पुरुषाचे प्रकृतीपासून वेगळे होणे. आपले साध्य ते नव्हे. आपण पित्याला हाक मारतो, पुत्राच्या क्रूसाने तारले जातो आणि शरीराच्या पुनरुत्थानाची आशा धरतो. साधन उसने घेता येते. साध्य उसने घेता येत नाही. योगाच्या गंभीर अभ्यासकालाही हा फरक मान्य होईल, कारण दोन्ही सारखेच म्हणण्यात त्याच्याही परंपरेचा अवमान आहे.

ख्रिस्तसभेने हा तोल शब्दांत मांडलेला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली इतर धर्मांविषयीच्या जाहीरनाम्यात त्यांच्यातील सत्य आणि पवित्र असे काहीही आपण नाकारत नाही असे म्हटले आणि हिंदूंच्या तपाचा व ध्यानाचा आदराने उल्लेख केला. पुढे १९८९ साली श्रद्धेच्या शिकवणीची जपणूक करणाऱ्या रोममधील मंडळाने ख्रिस्ती ध्यानाविषयी महागुरुस्वामींना पत्र लिहिले. पौर्वात्य पद्धतींचा प्रार्थनेच्या तयारीसाठी उपयोग होऊ शकतो, हे त्या पत्राने मान्य केले. पण शरीराला लाभलेल्या स्वस्थतेलाच पवित्र आत्म्याचे सांत्वन समजण्याची चूक करू नका, असाही इशारा दिला.

या इशाऱ्यामागची चिंता लोणावळ्याला अपरिचित नाही. येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो यांची ‘साधना’ ही संस्था इथलीच. पौर्वात्य ध्यानपद्धतींच्या आधारे त्यांनी असंख्य धर्मगुरूंना व व्रतस्थांना शांत बसून प्रार्थना करायला शिकवले. १९८७ साली त्यांचे निधन झाले. १९९८ साली त्याच रोमन मंडळाने त्यांच्या लेखनाविषयी सूचनापत्र काढले. आरंभीच्या लेखनातील मोलाचा भाग त्याने मान्य केला; मात्र नंतरच्या लेखनात देवाचे व्यक्तित्व धूसर होते आणि प्रभू येशू इतर गुरूंपैकी एक ठरतो, असा आक्षेप घेतला. या प्रकरणाचा उपयोग दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने करतात. धाक घालणारे १९९८ चे पत्र फडकवतात, पण त्यात आरंभीच्या लेखनाविषयी काय म्हटले आहे ते सांगत नाहीत. बेफिकीर मंडळी कथा वाचून दाखवतात, पण त्या पत्राचे नाव काढत नाहीत. आम्हांला त्यातून एकच बोध होतो : परीक्षा करावी, चांगले ते धरावे आणि ख्रिस्ताला त्याच्या जागेवरून हलवू नये.

तेव्हा पायऱ्यांवरच्या प्रश्नाला आमचे उत्तर सरळ आहे. गुडघ्यांसाठी, पाठीसाठी, दम्यासाठी जाणकाराच्या देखरेखीखाली आसने आणि प्राणायाम करण्यात पाप नाही. ते करताना मनात येशूनाम घ्यावेसे वाटले तर जरूर घ्यावे. सूर्यनमस्कारातील शारीरिक हालचाली हा व्यायाम आहे. सूर्याच्या बारा नावांचे वंदनमंत्र ही उपासना आहे आणि तेथे आपण नम्रपणे थांबावे. २०१५ च्या पहिल्या योगदिनाच्या सामाईक कार्यक्रमात सूर्यनमस्काराचा समावेश नव्हता, हेही पालकांनी लक्षात ठेवावे. शाळेशी सभ्यपणे बोलले तर वाट निघू शकते. मुलाला त्या दिवशी आजारी असल्याचे सांगून घरी ठेवणे मात्र आम्हांला मान्य नाही. त्यातून मूल श्रद्धा शिकत नाही, खोटे बोलायला शिकते. योगकेंद्रात कष्ट करून मिळालेली भाकरी प्रामाणिकच आहे. आणि ज्याची सदसद्विवेकबुद्धी आसनालाही कचरते त्याने ते करू नये. त्याची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पण खरे दुखणे आणखी खोल आहे. शेजारी पहाटे उठून तासभर निश्चल बसतो हे पाहून आपल्या तरुणांना कुतूहल वाटते, कारण तसे निश्चल बसलेले त्यांनी आपल्या घरात कोणाला पाहिलेले नसते. रोझरी धावत उरकली जाते, शुभवर्तमान कपाटात बंद असते आणि पवित्र साक्रामेंतापुढे पाव तास बसणे आपल्याला जड जाते. अशा रिकाम्या घराला दुसऱ्याच्या चटईचे भय वाटते. संत तेरेजा आणि क्रूसाचे संत योहान यांचा वारसा लाभलेल्या लोकांनी ध्यानाच्या बाबतीत इतके दरिद्री का असावे?

म्हणून आमच्या धर्मगुरूंकडे आमची मागणी आहे. मावळातल्या प्रत्येक धर्मग्रामात वर्षातून निदान एक संध्याकाळ अशा प्रश्नांसाठी राखून ठेवावी. १९८९ चे ते पत्र मराठीत समजावून सांगावे. प्रश्न विचारणाऱ्याला धर्मबुडवा ठरवू नये. आणि कुटुंबांना आमचे सांगणे आहे की कुजबुजणे सोडा, उभे राहून विचारा. मरियेने गाब्रिएल दूताला हे कसे होईल, असे विचारले आणि तिला उत्तर मिळाले. देवाचा दूत जेथे प्रश्नाने रागावला नाही, तेथे धर्मग्रामाने का रागवावे?