फ्यूज उडतोय? मोठा घाला!

गेल्या महिन्यात गाडीचे मागचे दिवे गेले. फ्यूज उडाला होता. नवीन घातला, दोन दिवसांनी तोही उडाला. गॅरेजवाल्याने १० अँपिअरचा लाल फ्यूज काढला, ३० चा हिरवा ठोकला आणि म्हणाला, "साहेब, आता बिनधास्त चालवा." मीही पन्नास रुपये देऊन खुशीत घरी आलो. इंजिनिअर ना मी!

रात्री ट्यूब पेटली. अहो, फ्यूज दिव्याला वाचवायला नसतोच, तो वायरला वाचवतो. वायर १० च्या हिशोबाने टाकलेली. तिचं तांबं कुठे बॉडीला अर्धवट टेकलं तर ३० चा फ्यूज ढिम्म बसून राहू शकतो आणि कार्पेटखाली वायर वितळू शकते. म्हणजे आता फ्यूजचं काम वायरने करायचं. आणि त्या कार्पेटवर पाय ठेवून माझी आई बसते.

रविवारी स्वतःच बसलो. मागचे सगळे बल्ब काढले, फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरींनी जोडला आणि पार्किंग लाईटचं बटण दाबलं. आता बल्ब पेटला तर शॉर्ट, नाही तर नाही. आणि हा बल्ब दोन अँपिअरच्या वर करंट जाऊ देत नाही, त्यामुळे फ्यूजमागून फ्यूज जाळायला नकोत. बल्ब विझलेलाच! मग वायरी हलवत हलवत मागे गेलो. डिकी अर्धी उघडली आणि बल्ब भक्कन पेटला. डिकीच्या झाकणात जाणारा कनेक्टर काढला, विझला. सापडला चोर! बिजागरीजवळच्या रबरी नळीत नंबर प्लेटच्या दिव्याची वायर रोज वाकून वाकून सोलली होती. तेवढा तुकडा कापला, त्याच जाडीची नवी वायर सोल्डर केली, वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवली आणि १० चा फ्यूज परत घातला. दीड तास गेला. सामान शंभर रुपयांच्या आतलं.

आता खरा राग. तो गॅरेजवाल्यावर नाहीये, आपल्यावर आहे. 'दीड तास शोधावं लागेल, पाचशे रुपये होतील' असं तो म्हणाला असता तर आपण काय म्हटलं असतं? "एका वायरीचे पाचशे?" आपण पार्टचे पैसे देतो, शोधण्याचे देत नाही. मग त्याने शोधायचं तरी कशाला? आणि ऑफिसात आपण तरी वेगळं काय करतो? एरर दिसली की रिकामा कॅच ब्लॉक टाकायचा आणि शुक्रवारी रिलीज!

असो. आज खाली जाल तेव्हा फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा आकडा आणि आतल्या फ्यूजवरचा आकडा जुळतोय का, तेवढं बघा. जुळत नसेल तर गाडी चालवू नका. आधी शोधा, नाहीतर शोधणाऱ्याला त्याचे पैसे द्या.