झाडे मान्य, पण जमिनीचे काय?

नाशिक महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर जवळजवळ चार वर्षे या शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. या निवडणुकीत पर्यावरणाचा प्रश्न व्यासपीठावर आला याचे श्रेय कोणा पक्षापेक्षा तपोवनातील झाडांनाच द्यावे लागेल. सिंहस्थासाठी साधुग्राम उभारायचे म्हणून पालिकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथील सतराशेहून अधिक झाडांबाबत नोटीस काढली, नागरिक रस्त्यावर आले आणि डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने वृक्षतोडीला अंतरिम स्थगिती दिली. मग झाडांविषयी न बोलणारा उमेदवार शोधूनही सापडेना. गोदामाई, हिरवे नाशिक, जॉगिंग ट्रॅक, प्रत्येक प्रभागात उद्यान, ही भाषा सर्वांच्याच पत्रकांत होती. आपल्या विचाराच्या उमेदवारांच्या पत्रकांतही ती होती.

या भाषेबद्दल आमची तक्रार नाही. झाडे वाचलीच पाहिजेत. परंतु झाडे जमिनीवर उभी असतात, आणि जमिनीविषयी ही सारी मंडळी मौन पाळून होती. उद्यान हवे म्हणणाऱ्याला, ते कोणत्या सर्व्हे नंबरावर, ती जमीन आज कोणाच्या मालकीची आणि पालिका ती कशी मिळवणार, असे विचारले की संभाषण संपते. जो लोकप्रतिनिधी याचे उत्तर देऊ शकत नाही त्याचे पर्यावरणप्रेम रोपे वाटण्याच्या समारंभापुरतेच राहते.

तपोवनाचेच उदाहरण घ्या. साधुग्रामासाठी आरक्षित असलेल्या क्षेत्रापैकी सुमारे ५४ एकर पालिकेच्या मालकीचे. उरलेली बरीचशी जमीन शेतकऱ्यांची. दर बारा वर्षांनी ती भाड्याने घ्यायची, पर्वणी आटोपली की परत करायची, आणि आरक्षण मात्र कायम ठेवायचे, असा हा क्रम चालू आहे. शेतकऱ्याला धड विकता येत नाही, धड बांधता येत नाही. पालिकेला संपादनाचा मोबदला झेपत नाही. मग जी थोडी जमीन स्वतःची आहे तिच्यावरच सारा भार येतो, आणि त्या जमिनीवर नेमकी झाडे असतात. त्यातच तेथे खासगी भागीदारीतून प्रदर्शन केंद्र उभारण्याची निविदा निघाल्याचे उघड झाले, तेव्हा सिंहस्थानंतर या जागेचे काय होणार, हा लोकांचा संशय अनाठायी नव्हता. वृक्षतोडीचा वाद म्हणून जो वर्तमानपत्रांत गाजला तो मुळात न सुटलेला भूमिप्रश्न होता. आणि हे सारे निर्णय झाले तेव्हा पालिकेत लोकांनी निवडून दिलेला एकही सदस्य नव्हता!

आता नाशिक रोडकडे वळू. नाशिक रोड-देवळाली ही १९८२ पर्यंत स्वतंत्र नगरपालिका होती. त्या वर्षी महानगरपालिका झाली आणि ती नाशिकात विलीन झाली. दसक, पंचक, चेहेडी, विहितगाव ही गावे तेव्हापासून शहराचा भाग बनली. तेथील द्राक्षबागा आणि भाजीच्या शेतांची जागा इमारतींनी कशी घेतली हे वाचकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. या स्थित्यंतरात जमिनीची किंमत कितीतरी पटींनी वाढली. ती कोणी वाढवली? रिकार्डोचा खंडाचा सिद्धान्त आम्ही वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना शिकवला. त्याचे मर्म एवढेच की जमीनमालक काहीही न करता त्याचे उत्पन्न वाढू शकते. पुणे महामार्ग रुंद झाला तो सरकारी पैशाने, जलवाहिन्या आल्या त्या करदात्यांच्या पैशाने, रेल्वेस्थानक आणि दोन मुद्रणालये आली ती राष्ट्राच्या पैशाने. नव्या रेल्वेमार्गाची नुसती चर्चा सुरू झाली तरी शिंदे-पळशापर्यंत भाव बोलले जातात. मिल यांनी ज्याला अनर्जित वाढ म्हटले ती हीच. समाजाने निर्माण केलेल्या या मूल्यातून समाजाला काही परत मिळते का, हा शहराच्या पर्यावरणाचा पहिला प्रश्न आहे. कारण उद्यान, मैदान आणि नदीकाठ राखायचा तर त्याला लागणारा पैसा येथूनच यायचा असतो.

याची तातडी अनेकांच्या ध्यानात आलेली दिसत नाही. नाशिकचा सुधारित विकास आराखडा २०१७ साली मंजूर झाला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे, आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन संपादन झाली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे ती जमीन मोकळी होते. १० वर्षे भरतात २०२७ मध्ये. म्हणजे सिंहस्थाची मुख्य स्नाने ज्या वर्षी, त्याच वर्षी! पालिकेची सारी यंत्रणा आणि तिजोरी पर्वणीच्या तयारीत गुंतलेली असताना शाळेच्या, मैदानाच्या, दवाखान्याच्या जागांवरील नोटिसा टपालाने येऊ लागतील. एखादी नोटीस फायलीत दडून राहिली तर २४ महिने सहज निघून जातात. ती चुकून दडते असे समजण्याइतके आपण भाबडे नसावे.

रोख मोबदला परवडत नाही म्हणून पालिका मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क देते, ज्याला बाजारात ‘टीडीआर’ म्हणतात. हा फुकटचा उपाय आहे असा समज करून दिला जातो. वास्तविक त्याची किंमत दुसरीकडे चुकवली जाते. दुसऱ्या रस्त्यावरची इमारत तीन मजल्यांऐवजी सहा मजली होते, आणि तिच्यातले सांडपाणी, मोटारी व पाण्याची मागणी सामावण्यासाठी तो रस्ता मात्र रुंद होत नाही. मैदान वाचवायला गेलो आणि मोहल्ला कोंडला, असा हा व्यवहार आहे. टीडीआर मुळीच नको असे आमचे म्हणणे नाही. परंतु तो कोठे वापरला जाणार याचा हिशेब जाहीर झाल्याखेरीज त्याला मत देणाऱ्या नगरसेवकाने पर्यावरणाचे नाव घेऊ नये.

पर्याय नाहीत असे नाही. मुंबई इलाख्यात १९१५ सालच्या नगररचना कायद्यापासूनच, योजनेमुळे वाढलेल्या किमतीतून मालकाकडून अंशदान घेण्याचे तत्त्व मान्य आहे. १९६६ च्या कायद्यात ही मर्यादा वाढीच्या निम्म्यापर्यंत आहे. इंग्रज सरकारला जे पटले ते स्वराज्यातल्या पालिकांना राबवता येऊ नये? उलट प्रवास झाला. नागरी कमाल जमीनधारणा कायदा १९७६ चा. त्यात पळवाटा पुष्कळ होत्या, अंमलबजावणी भ्रष्ट होती, हे खरे. पण तो दुरुस्त करण्याऐवजी, नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेच्या अटीपोटी, महाराष्ट्राने तो नोव्हेंबर २००७ मध्ये रद्दच केला. त्यानंतर राहिला तो मोठ्या गृहप्रकल्पांत २० टक्के घरे दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवण्याचा नियम. त्याचे काय झाले? २०२२ साली नाशिकच्याच या घरांचा प्रश्न विधान परिषदेत गाजला आणि महापालिका आयुक्तांच्या बदलीचा आदेश निघाला. आयुक्त बदलले, गरिबाला त्यामुळे घर मिळाले नाही.

आपल्या कार्यकर्त्यांपैकी काहींना हा सारा मध्यमवर्गीयांचा विषय वाटतो. त्यांनी चेहेडीला जाऊन यावे. नाशिक रोडसाठी दारणेचे पाणी जेथून उचलले जाते तेथेच वालदेवी आपल्यासोबत सांडपाणी घेऊन येते. उन्हाळ्यात प्रवाह क्षीण झाला की नळाला दुर्गंधी येते. ज्याच्या घरी शुद्धीकरण यंत्र आहे किंवा ज्याला टँकर परवडतो तो निभावून नेतो. कामगारवस्तीतल्या बाईला तेच पाणी उकळून घ्यावे लागते. पूररेषेचेही तसेच. सप्टेंबर २००८ च्या महापुरानंतर नदीकाठी निळी व लाल रेषा आखण्यात आली. निळ्या रेषेच्या आतल्या झोपडीला अतिक्रमण म्हणतात. दोन रेषांमधल्या जागेत जोते उंच केले की इमारतीला परवानगी मिळते. पाणी मात्र उंच जोत्याला वळसा घालून शेजारच्या बैठ्या घरातच शिरते.

नाशिक रोडला आणखी एक वारसा आहे, आणि तोच सर्वांत धोक्यात आहे असे आम्हाला वाटते. येथे सार्वजनिक मालकीची जमीन विपुल आहे: १९२५ चे भारत प्रतिभूती मुद्रणालय, त्यानंतरचे चलार्थपत्र मुद्रणालय, कामगारांची नेहरूनगर वसाहत, रेल्वेच्या जागा, मध्यवर्ती कारागृहाचा परिसर. शहराच्या या भागाला आज जी सावली आहे तिचा मोठा वाटा या आवारांत आहे. दिल्लीचे धोरण मात्र काय आहे? सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने आपली १७ मुद्रणालये ५ केंद्रांत एकवटण्याचे ठरवले. गांधीनगरचे मुद्रणालय त्या पाचांत राहिले, परंतु आधुनिकीकरणाचा पैसा अतिरिक्त जमिनीतून उभारण्याचे सूत्र त्याच निर्णयात होते. मार्च २०२२ मध्ये सरकारी जमिनींतून पैसा उभा करण्यासाठी स्वतंत्र महामंडळाला मंजुरी मिळाली. रेल्वेने तर अशाच कामासाठी आधीच प्राधिकरण स्थापले आहे. उद्या या आवारांपैकी एखादा तुकडा ‘अतिरिक्त’ ठरला, तर त्याचा वापरबदल करण्याचा प्रस्ताव महापालिकेच्या सभागृहापुढे येईल. तेथे हात वर करायचा की खाली ठेवायचा, हे नगरसेवकाने मतदारांना आताच सांगितले पाहिजे. कामगार संघटनांनीही हा प्रश्न केवळ वसाहतीतील घरांचा न मानता जमिनीचा मानावा.

ज्या नाशिकमध्ये मार्च १९४८ मध्ये समाजवाद्यांनी काँग्रेसबाहेर पडण्याचा निर्णय घेतला, तेथे आपला पक्ष आज सभागृहात दुबळा आहे. तरीही आकड्यांवर अवलंबून नसलेले एक काम आहे. क्षेत्रसभेची तरतूद महापालिका कायद्यात २००९ पासून आहे. ती बहुतांशी कागदावरच राहिली. तिची वाट न पाहता नाशिक रोडच्या प्रत्येक प्रभागातील आरक्षणांची यादी, त्यांची सद्यःस्थिती आणि आलेल्या खरेदी नोटिसा माहितीच्या अधिकाराखाली मागवाव्यात. आराखड्याचा नकाशा पाहता येतो. तो घेऊन दोन-दोन कार्यकर्त्यांनी रविवारी प्रत्यक्ष जागेवर जावे, तेथे काय उभे आहे ते लिहून आणावे, आणि ही यादी वाचनालयात व रिक्षा थांब्यावर लावावी. नगरसेवक कोणत्या पक्षाचा आहे हे पाहू नये. यादी घेऊन त्याच्याकडे जावे आणि प्रत्येक जागेपुढे त्याचे मत लिहून घ्यावे. पहिल्या नोटिसा येण्यापूर्वी हे व्हायला हवे, आणि त्यासाठी हाती फार महिने नाहीत.