डुलणारं रीडिंग खोडू नका!

सबमिशनचा आठवडा आला की होस्टेलवर एकच जर्नल दहा खोल्या फिरून येतं. सगळ्यांचे ग्राफ सारखे, गुळगुळीत, देखणे. मीही त्यातलाच. सेकंड इयरला माझं तापमानाचं रीडिंग सारखं वरखाली होत होतं. मी बेधडक सरासरी काढली, बाकीचं खोडलं आणि सही घेऊन मोकळा झालो. त्या आकड्यांत खरंच काही होतं की नुसती वायर सैल होती, हे आता कधीच कळायचं नाही.

बोरिस बेलोसोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने मात्र खोडलं नाही. पेशीतल्या क्रेब्ज सायकलची परीक्षानळीत नक्कल करताना सायट्रिक आम्ल, ब्रोमेट आणि सेरियम यांचं त्याचं मिश्रण पिवळं व्हायचं, रंग जायचा, परत पिवळं व्हायचं. १९५१ मध्ये त्याने लेख पाठवला, तर संपादक म्हणाले, असं होणं शक्यच नाही! शेवटी १९५९ मध्ये एका आडबाजूच्या संग्रहात तो छोटासा छापून आला. लेनिन पुरस्कार मिळाला १९८० मध्ये. बेलोसोव्ह १९७० मध्येच गेला होता.

आता आपल्या बावड्याकडे या. राजाराम कारखान्यात जी साखर होते, तिच्यावरच यीस्ट पोसतं. मिसळीबरोबरच्या ब्रेडचं पीठ तेच फुगवतं. घोष आणि चान्स यांनी १९६४ मध्ये दाखवलं की उपाशी यीस्टला ग्लुकोज दिलं आणि श्वसन रोखलं, की पेशीतलं एनएडीएच तालात वाढतं-घटतं. एक फेरी अर्ध्या-एक मिनिटाची. कारण फॉस्फोफ्रुक्टोकायनेज हे एन्झाइम. एडीपी त्याला जोर देतं, एटीपी साचलं की आवर घालतं, पण हा निरोप उशिरा पोचतो. होस्टेलच्या गिझरचं थोडंफार असंच आहे: पाणी गार म्हणून नळ फिरवतो, गरम यायला वेळ लागतो, तोवर आणखी फिरवतो, मग चटका, मग उलटं!

खरी गंमत पुढे आहे. असंख्य पेशी एका तालात असल्या तरच हे मीटरवर दिसतं. प्रत्येकीचा ताल वेगळा असेल तर सगळ्यांची बेरीज सपाट येते. म्हणजे आत सगळं डुलतंय आणि कागदावर सरळ रेघ. आणि आपण तर सरासरी काढायला टपलेलेच!

हे फक्त बायोकेमिस्ट्रीवाल्यांचं आहे असं समजू नका. पुण्याच्या एनसीएलमध्ये डॉ. बी. डी. कुलकर्णी यांच्यासारख्या इंजिनिअरने रासायनिक रिअ‍ॅक्टरच्या अशा नॉनलिनियर वागण्याचा अभ्यास केला.

प्रत्येक थरथर म्हणजे शोध नव्हे, मान्य. बहुतेक वेळा वायरच सैल असते. पण ते पुन्हा मोजूनच ठरवावं, रबराने नव्हे. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की जर्नलच्या डाव्या कोऱ्या पानावर मूळ रीडिंग पेनने लिहायचं, आणि व्हायवात सरांनी पहिला प्रश्न त्यावर विचारायचा. मार्क ग्राफच्या देखणेपणाला नकोत.

सबमिशन परत तोंडावर आलंय. माझं जर्नल उतरवायला मागणाऱ्यांनी यावेळी डावं पान बघूनच न्यावं.