सत्तर तीन

फळ्यावर ७३ लिहा. ‘त्र्याहत्तर’ म्हणताना तीन आधी येतो, सत्तर मागाहून. लिहिताना मात्र सात आधी. मग पोराच्या वहीत ३७ उमटले तर चुकले कोण? ‘एकोणऐंशी’त तर ऐंशी ऐकू येतात आणि लिहायचे असतात ७९! २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तर तीन’ असे वाचन आले, तेव्हा मराठी बुडाल्याची ओरड झाली; बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकरांना खुलासे करावे लागले. जुने शब्द हद्दपार झालेच नव्हते, पण ओरडणाऱ्यांना पुस्तक उघडायला सवड कुठली? वाद राहू द्या; दहा-दहा काड्यांचे सात गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या मुलाच्या हातात द्या. सातच्या जागी सत्तर बसलेत, हे त्याला मोजून कळू द्या. पाढे त्यानंतर.