नवशिक्याचा डोंगर कोणता?

पावसाळ्याच्या पहिल्या सरी कोसळू लागल्या की नाशिक शहरातून त्र्यंबकेश्वरच्या दिशेने निघणाऱ्या तरुणांची संख्या वाढू लागते. महाविद्यालयीन विद्यार्थी, कचेऱ्यांतील कर्मचारी, शिक्षक अशा सर्वांचाच या गर्दीत समावेश असतो. पुस्तकांवर आणि खुर्चीवर आखडलेले शरीर सुट्टीच्या दिवशी डोंगराकडे धाव घेते, ही स्वागतार्हच गोष्ट होय. परंतु यांतील अनेकांची पावले आयुष्यातील पहिल्याच खेपेस हरिहर गडाकडे वळतात, आणि तेथे मात्र क्षणभर थांबून विचार करणे आवश्यक ठरते. डोंगरावर जावे की नाही, हा वादाचा विषय नाही. पहिल्यांदा कोणत्या डोंगरावर जावे आणि तो कोणत्या कसोटीवर निवडावा, हा खरा प्रश्न आहे.

हरिहर, अर्थात हर्षगड, हा सुमारे ११२० मीटर उंचीचा गड त्र्यंबकेश्वरच्या पश्चिमेस उभा आहे. जवळजवळ उभ्या कातळात कोरलेला अरुंद जिना हे त्याचे वैशिष्ट्य. पायऱ्यांत हात रोवण्यासाठी खोबण्या आहेत. जिना संपल्यावर दरवाजा, त्यापुढे कातळाच्या छताखालून वाकून जाण्याची वाट, आणि तीनंतर पुन्हा उभ्या पायऱ्या. १८१८ साली हा गड इंग्रजांच्या हाती आला, तेव्हा कॅप्टन ब्रिग्ज हा लष्करी अधिकारीदेखील या जिन्याच्या उभेपणाने थक्क झाला होता. त्यात नवल नाही. हा जिना मुळी पाहुण्यांच्या सोयीसाठी खोदलेलाच नाही. चालून येणाऱ्या शत्रूला एकेकट्याने, दमलेल्या अवस्थेत आणि हात गुंतलेले असताना वर यावे लागावे, हाच अशा रचनेचा हेतू असतो. ज्या वाटेची योजनाच चढणाऱ्याची कोंडी करण्यासाठी झाली, तीच वाट आज नवशिक्यांची पहिली शाळा होऊ पाहत आहे, हा विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे.

असे का घडते? अर्थशास्त्रात याचे उत्तर सापडू शकते. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले, की विकणाऱ्याला मालाचे दोष ठाऊक असतात आणि घेणाऱ्याला ते ठाऊक नसतात, तेथे बाजार योग्य निवड घडवून आणू शकत नाही. या विचाराबद्दल त्यास २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. नवशिका गिर्यारोहक नेमका अशाच अडाणी ग्राहकाच्या जागी असतो. चढण किती कठीण, हे ती चढून गेल्याखेरीज त्याला कळत नाही. आणि कळते तेव्हा तो अर्ध्या जिन्यावर असतो. मग तो निवड करतो ती छायाचित्रावरून. ज्या गडाचे चित्र अधिक थरारक, त्या गडाला मागणी अधिक. सहली नेणाऱ्या व्यावसायिकालाही जे खपते तेच विकणे भाग पडते. चित्रातून उंची दिसते. ओल्या पायरीचा गुळगुळीतपणा आणि वरून खाली पाहताना पायांना सुटणारा कंप चित्रात दिसत नाही.

हीच अडचण बर्फावरच्या खेळांतही होती. युरोप-अमेरिकेतील स्कीच्या मैदानांनी तिच्यावर काढलेला मार्ग उद्बोधक आहे. युरोपात उतारांना निळा, लाल, काळा असे चढत्या काठिण्याचे रंग दिलेले असतात. उत्तर अमेरिकेत हिरवे वर्तुळ सोप्याचे, निळा चौकोन मध्यमाचा आणि काळी चौकट अवघडाची खूण मानली जाते. स्की किंवा स्नोबोर्ड घेऊन उड्या मारण्यासाठी बर्फाचे उंचवटे आणि आडव्या पेट्या रचून जी खास क्रीडांगणे उभारतात, त्यांना टेरेन पार्क म्हणतात. तेथेही लहान, मध्यम आणि मोठे असे टप्पे पाडलेले असतात. नवशिक्यासाठीची पेटी बर्फाच्या पातळीला लागून ठेवतात, म्हणजे तिच्यावर उडी न मारता सरळ सरकत जाता येते. उडीच्या लहान उंचवट्यात मधला भाग बर्फाने भरून काढलेला असतो. उडी तोकडी पडली तरी माणूस खड्ड्यात न पडता सपाटीवर टेकतो. लहानापासून सुरुवात करावी, हा तेथील पहिला नियम. या साऱ्या रचनेमागील तत्त्व एकच आहे: शिकणारा चुकणारच, हे गृहीत धरून जमीन तयार करावयाची.

औली किंवा गुलमर्ग येथे जाऊन स्कीचे प्राथमिक धडे घेणारे मराठी तरुण आता दुर्मिळ राहिलेले नाहीत. त्यांनाही हेच तत्त्व लागू पडते. गुलमर्गला सुमारे २६५० मीटर उंचीवर वस्तीलगत सौम्य उतार आहेत. तेथूनच निघणारा रज्जुमार्ग दुसऱ्या टप्प्यात अफरवट शिखराच्या बाजूस सुमारे ३९०० मीटरपर्यंत पोहोचवतो, आणि तेथील उतार कसलेल्यांचीही परीक्षा पाहतात. तिकिटाने उंची विकत मिळते. उतरण्याचे कौशल्य विकत मिळत नाही.

तेव्हा नवशिक्यासाठी जमीन निवडताना काही कसोट्या लावणे अगत्याचे आहे. पहिली कसोटी चुकीच्या किमतीची. पाय घसरला तर माणूस कोठे जाऊन थांबेल? ज्या उताराच्या तळाशी सपाटी आहे, तेथे थांबता न येणाराही आपोआप थांबतो. ज्याच्या तळाशी दरी आहे, तेथे पहिली चूक शेवटची ठरू शकते. दुसरी कसोटी परतीची. मन कचरले तर कोणत्याही टप्प्यावरून मागे फिरता आले पाहिजे. तिसरी कसोटी पुनरावृत्तीची. कौशल्य येते ते सरावाने. वर्षातून एकदा थरकाप उडवणारी चढण केल्याने जे साधत नाही, ते छोटी टेकडी दर आठवड्यास चढून साधते. चौथी कसोटी उतरण्याची. चढताना पायरी डोळ्यांपुढे असते, उतरताना ती पायाखाली लपते, आणि तोवर गुडघेही थकलेले असतात. पाचवी ऋतूची. सह्याद्रीचा बेसाल्ट वैशाखात जितका भरवशाचा, तितकाच श्रावणात शेवाळाने दगाबाज होतो. म्हणून एकाच गडाला उन्हाळ्यात एक आणि पावसाळ्यात दुसरी श्रेणी देणे रास्त ठरेल.

नाशिककरांचे भाग्य असे, की या कसोट्यांना उतरणारी जमीन त्यांच्या उंबरठ्याशीच आहे. मुंबई-आग्रा महामार्गालगतची पांडवलेणी घ्यावी. चोवीस लेण्यांच्या या समूहापर्यंत पायऱ्यांची वाट जाते; कचेरीची वेळ होण्यापूर्वी एका सकाळी ती दोनदा चढून उतरता येते. अर्थात लेण्यांपर्यंतचा जिना वेगळा आणि त्यावरील माथ्याची घसाऱ्याची चढण वेगळी, याचे भान ठेवले पाहिजे. म्हसरूळची चामरलेणी ही दुसरी अशीच जागा. त्यानंतर आशेवाडीजवळचा रामशेज येतो. औरंगजेबाच्या फौजांना सतराव्या शतकाच्या नवव्या दशकात वर्षानुवर्षे दाद न देणारा हा गड उंचीने बेताचा आहे. इतिहासातील मोठेपणा आणि चढणीतील सौम्यपणा एकत्र नांदू शकतात, याचे तो उत्तम उदाहरण होय. पुढची इयत्ता अंजनेरीची. विस्तीर्ण पठार, दम काढणारी पण चालत जाण्याजोगी वाट आणि घळीतील पायऱ्या असा हा डोंगर कोरड्या ऋतूत उमेदवाराला बरेच काही शिकवतो. मात्र जोरदार पावसात त्याच घळीतून पाण्याचा लोंढा उतरतो आणि श्रेणी बदलते. इतक्या पायऱ्या ओलांडल्यावर, कोरड्या दिवसांत आणि जाणत्याच्या सोबतीने हरिहर गाठावा. तेव्हा तो अधिक आनंद देईल.

डोंगराचे नाव पाहून निवड करणेही पुरेसे नाही, हे हरिहरच स्पष्ट करतो. त्याच गडाच्या एका उभ्या कड्यावर १९८६ साली डग स्कॉट या ख्यातनाम ब्रिटिश गिर्यारोहकाने आरोहण केले. १९७५ मध्ये एव्हरेस्टच्या नैर्ऋत्य भिंतीवरून शिखर गाठणारा हा माणूस. त्याच्या आडनावावरून तो कडा आज ‘स्कॉटिश कडा’ म्हणून ओळखला जातो. एकाच गडावर एक वाट जगातील अग्रगण्य कातळारोहकाची, दुसरी कसलेल्या भटक्याची. म्हणून श्रेणी द्यावयाची ती वाटेला. कीर्तीही फसवी असते. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत नाशिक जिल्ह्यातील १५६७ मीटर उंचीच्या साल्हेरचा समावेश आहे. अभिमानाने ऊर भरून यावा अशी ही घटना. परंतु यादीतील स्थान हे इतिहासाचे माप आहे, चढणीचे नव्हे.

गर्दीचा मुद्दा याहून गंभीर आहे. हरिहरच्या जिन्यावर एका वेळी एकाच दिशेने रांग सरकू शकते. दोन माणसांत अर्ध्या मिनिटाचे अंतर धरले, तर दोनशे माणसांना वर जाण्यास शंभर मिनिटे आणि उतरण्यास तितकीच लागतात. म्हणजे सारे सुरळीत झाले तरी जिना तीन तास वीस मिनिटे अडकून पडतो. त्यात एखादा घाबरून मध्येच खिळला, की त्याच्या भीतीची किंमत वरच्या आणि खालच्या प्रत्येकाला मोजावी लागते. अर्थशास्त्र ज्याला बाह्य परिणाम म्हणते, तो येथे कातळाला चिकटून पावसात भिजत उभा असलेला दिसतो. पावसाळ्यात या गडावरील गर्दी आवरण्यासाठी वन विभागाला निर्बंध घालावे लागले आहेत. निर्बंधाने गर्दी थोपवता येते. परंतु ती योग्य जागी वळवण्याचे काम त्याने होत नाही.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. पूर्वीची पिढी कोणत्याही पाट्या न वाचता डोंगर हिंडली. साहसाला श्रेणी लावली तर साहस उरलेच कोठे? आक्षेपात तथ्यांश आहे. पण जुन्या भटक्याला पाटीची गरज पडली नाही, कारण त्याच्यापुढे चार पावसाळे अधिक पाहिलेला कोणीतरी चालत असे. गिर्यारोहण संस्थांतील ज्येष्ठांकडून कनिष्ठांकडे ज्ञान येई, आणि कोणाला कोठे न्यावे याचा निर्णय ज्येष्ठ घेत. आज अनोळखी पन्नास जण एका बसमधून उतरतात आणि संध्याकाळी पुन्हा अनोळखीच राहून पांगतात. परंपरेने जे काम केले ते व्यवस्थेने करावयाचे, एवढाच येथे आग्रह आहे. सोप्या जमिनीवर शिकणे म्हणजे कमीपणा, ही समजूतही टाकून दिली पाहिजे. गोदावरीच्या खोल डोहात उडी टाकून कोणी पोहणे शिकत नाही.

उपाय खर्चिक नाहीत. प्रत्येक गडाच्या पायथ्याशी वाटेची श्रेणी दर्शविणारा फलक असावा. त्यावर कोरड्या आणि ओल्या ऋतूची श्रेणी स्वतंत्र लिहावी, सर्वांत अरुंद जागा कोणती, चढण्या-उतरण्यास किती वेळ लागतो आणि कोठपर्यंत गेल्यावर परतणे सोपे, हेही नमूद करावे. श्रेणी ठरविण्याचे काम स्थानिक गिर्यारोहण संस्था आणि पायथ्याच्या गावांतील जाणत्या वाटाड्यांनी मिळून करावे. राज्य शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून आयोजकांच्या नोंदणीची तरतूद केली. जाहिरातीत वाटेची श्रेणी छापणे हे त्या नोंदणीचे बंधन करता येईल. महाविद्यालयांच्या जिमखान्यांनी आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांनी दोन-तीन सोप्या चढाया झाल्याखेरीज कोणाला अवघड गडावर नेऊ नये. यात आणखी एक लाभ आहे. गर्दी पाच-दहा डोंगरांत विभागली, तर चहा-भाकरीचे चार पैसेही एकाच पायथ्याशी न थांबता अनेक वाड्या-पाड्यांपर्यंत पोहोचतील.

तोवर निवडीचा भार प्रत्येकावर आणि विशेषतः तरुणांना घेऊन जाणाऱ्या वडीलधाऱ्यांवर आहे. त्यांनी निघण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: येथे पाय घसरला तर काय होईल? ‘कपडे मळतील’ असे उत्तर येत असेल, तर तो नवशिक्याचा डोंगर. उत्तर देताना जीभ अडखळत असेल, तर त्या रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या पुरेशा आहेत. हरिहर शतकानुशतके उभा आहे. पुढच्या हिवाळ्यातही तो तेथेच असेल.