निहालांचे गाव कोणत्या यादीत?

जळगाव जामोद या तालुक्याच्या नावातच शेजार आहे. खानदेशातल्या मोठ्या जळगावाशी घोळ होऊ नये म्हणून बुलढाणा जिल्ह्यातल्या या जळगावाने जवळच्या जामोदचे नाव आपल्यामागे लावून घेतले. नाव उसने घेऊनही या गावाचे काही बिघडले नाही. तालुका झाला, कचेरी आली, बसस्थानक आले. पण याच तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला, एक समाज असा आहे की ज्याला प्रत्येक सरकारी यादीत दुसऱ्याच्याच नावाखाली उभे राहावे लागते. त्याचे नाव निहाल.

जामोदच्या बाजारात मी एका म्हाताऱ्याशी बोलत होतो. माझ्याशी तो वऱ्हाडीत बोलत होता. मधेच एक कोरकू ओळखीचा भेटला, त्याच्याशी कोरकूत बोलला. मग पलीकडे बसलेल्या बायकोला त्याने काहीतरी सांगितले, त्यातला एक शब्द मला लागला नाही. विचारले तर हसून म्हणाला, “ते आमच्या घरची बोली हाये. बाजारात नाही चालत.”

ही घरची बोली म्हणजे निहाली. जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा, वसाली अशा मोजक्या गावांत आणि डोंगरापलीकडे बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या टेंबीच्या आसपास ती बोलली जाते. बोलणारे असतील दोन-अडीच हजार. १९०६ साली ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात स्टेन कोनो यांनी तिला कोरकूच्या शेजारी, मुंडा भाषांच्या रांगेत बसवले. डच पंडित कायपर यांनी १९६२ साली तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, तेव्हा उसने शब्द बाजूला काढता काढता असे दिसले की जवळजवळ चौथाई शब्द ना कोरकूचे, ना मराठी-हिंदीचे, ना द्राविडी. दोन, तीन, चार या अंकांचे शब्द मात्र द्राविडी वळणाचे आहेत. ही चोरट्यांची सांकेतिक बोली तर नसेल, अशीही शंका त्यांनी घेतली होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले शैलेंद्र मोहन यांनी अलीकडच्या काळात या गावांत जाऊन तिचा अभ्यास केला. आज बहुतेक अभ्यासक तिला कोणत्याच कुळात न बसणारी, एकटी भाषा मानतात. युरोपातली बास्क किंवा काश्मीरच्या उत्तरेकडची बुरुशास्की यांच्या पंगतीतली. अशी भाषा आपल्या जिल्ह्यात आहे हे बुलढाण्यात किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्न मी अनेकांना विचारून पाहिला. लोणार सगळ्यांना माहीत असते, शेगाव आणि सिंदखेडराजा तर असतेच असते.

ही वस्ती इथेच का टिकली, याचे उत्तर जमिनीत आहे. बुलढाणा जिल्ह्याचे आडवे तीन पट्टे पडतात. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगरांचे पठार, म्हणजे घाटावरचा मुलूख. मध्ये पूर्णेचे खोरे, काळी कपाशीची जमीन, पण विहिरीचे पाणी खारे. आणि उत्तरेला सातपुडा. डोंगर आणि खारपाणपट्टा यांच्यामध्ये दगडगोट्यांच्या गाळाची एक अरुंद पट्टी आहे. तिथे पाणी खोल लागते, पण लागते ते गोड. संत्र्या-केळीच्या बागा आहेत त्या याच पट्टीत. खाली बागाईतदार, वर सरकारी जंगल, आणि दोहोंच्या मध्ये मजुरीवर जगणाऱ्या वाड्या, असे इथले एकंदर चित्र आहे. निहाल पूर्वापार कोरकूंच्या शेतावरही राबत आले. मजुराच्याही घरी मजुरी करणाऱ्याला स्वतःचे गाव कुठून असणार?

इतिहासानेही त्यांना सरळ उभे राहू दिले नाही. वऱ्हाड निजामाचे, ते १८५३च्या तहाने इंग्रजांच्या ताब्यात गेले. १९०३ साली ते मध्य प्रांताला जोडले गेले. तेव्हापासून १९५६पर्यंत सातपुड्याच्या दोन्ही अंगांचे निहाल निदान एका प्रांताच्या छत्राखाली होते. याच काळात, १९१६ साली, रसेल आणि हिरालाल यांच्या जातीजमातींवरच्या जाडजूड ग्रंथात निहाल म्हणजे भिल्ल आणि कोरकूंचे मिश्रण असावे असे नोंदले गेले. मिश्रण म्हटले की वेगळे खाते उघडावे लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले, निमाड मध्य प्रदेशात राहिले आणि एका घरातले दोन भाऊ दोन राज्यांचे झाले.

आता याद्यांकडे येऊ. अनुसूचित जमातींच्या यादीत निहाल आहेत, पण कोरकूंच्या ओळीत, बोपची आणि मवासींच्या बरोबरीने. शिवाय पूर्वी ही ओळ विदर्भात सगळीकडे लागू नव्हती. अमरावतीतला मेळघाट, चांद्यातली गडचिरोली आणि सिरोंचा, यवतमाळातले काही तालुके एवढ्याच प्रदेशात तिला मान्यता होती. म्हणजे मेळघाटातला निहाल आदिवासी आणि त्याच डोंगररांगेत बुलढाण्याच्या हद्दीत राहणारा त्याचा सोयरा सरकारलेखी आदिवासी नाही! १९७६च्या कायद्याने ही क्षेत्राची अट उठली. तोवर स्वातंत्र्याची जवळजवळ तीस वर्षे, शिष्यवृत्त्या आणि नोकऱ्यांची पहिली पिढी, निघून गेली होती.

माणसावरची अट उठली, पण जमिनीवरची राहिली, आणि आजचा खरा प्रश्न तोच आहे. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रासाठी १९९६ साली पेसा कायदा झाला. त्यात गावाची व्याख्या महसुली दप्तरावरून केलेली नाही. आपल्या रीतीरिवाजाने आपला कारभार चालवणारी वस्ती, पाडा किंवा पाड्यांचा समूह म्हणजे गाव, असे तो कायदा म्हणतो. महाराष्ट्राने २०१४ साली नियम केले आणि पाड्याला ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मागण्याची वाट मिळाली. पुढे आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी पेसातल्या ग्रामपंचायतींना थेट मिळू लागला. ही तरतूद पूर्वेला मेळघाटात लागू आहे, पश्चिमेला रावेर, यावल, चोपड्याच्या काही गावांत लागू आहे. मधल्या बुलढाण्यात नाही, कारण या जिल्ह्यातले एकही गाव अनुसूचित क्षेत्रात नाही. डोंगर तोच, माणसे तीच, फक्त जिल्ह्याची रेघ मध्ये आली.

मग इथल्या वाडीने काय करायचे? जिल्ह्यात गावे चौदाशेच्या घरात आणि ग्रामपंचायती सुमारे ८७०. तेव्हा कित्येक गावांना गट ग्रामपंचायतीत दाटीवाटीने बसावे लागते, वाड्यांची तर गोष्टच नको. रस्त्याचा ठराव मोठ्या गावात होतो आणि रस्ता बहुधा तिथेच संपतो. १९६६च्या महसूल संहितेखाली वाडीला महसुली गावाचा दर्जा देता येतो. २००६च्या वनहक्क कायद्यात तर वनगावे आणि मोजणी न झालेल्या वस्त्या यांना महसुली गाव करण्याचा हक्कच दिला आहे, आणि तो अनुसूचित क्षेत्राबाहेरही लागू आहे. २०१२च्या सुधारित नियमांनुसार अशा वस्त्यांची यादी करण्याचे काम ग्रामपंचायतीवर आले. आता ग्रामपंचायत म्हणजे मोठ्या गावची मंडळी. त्यांनी आपल्याच मतदारांची आणि निधीची वाटणी स्वतःहून करून द्यावी, अशी अपेक्षा आहे. मला स्वतःला हे काम तहसीलदाराने आदिवासी विकास खात्याला बरोबर घेऊन वाडीवर बसून करावे असे वाटते. ग्रामपंचायतीला दोष देऊन भागणार नाही. कुणीही आपला पाट शेजाऱ्याच्या शेतात सहजी वळवत नाही.

भाषेचे दुखणे याहून अवघड आहे. १९७१पासून जनगणनेत दहा हजारांहून कमी भाषिकांच्या भाषांचे आकडे स्वतंत्र छापले जात नाहीत. दोन-अडीच हजार निहाली बोलणारे त्या गाळणीतून केव्हाच खाली पडले. आकडा नाही म्हणून पाठ्यपुस्तक नाही, आणि शाळेत नाही म्हणून पोरे घराबाहेर ती बोलायला लाजतात. म्हाताऱ्याचे ‘बाजारात नाही चालत’ हे म्हणणे मला तिथे समजले.

जून २०२५मध्ये पुढच्या जनगणनेची अधिसूचना निघाली. १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख. गावांच्या हद्दी ३१ डिसेंबर २०२५नंतर गोठवायच्या असे ठरले. म्हणजे तोवर ज्या वाडीला महसुली गाव म्हणून मान्यता मिळाली नाही, ती या खेपेलाही मोठ्या गावाच्या आकड्यात मोजली जाणार. मातृभाषेचा रकाना मात्र उघडा आहे. माणूस सांगेल ते नाव प्रगणकाने लिहायचे असते. कोरकूच्या बोलीत ते ढकलायचे नसते. छापील तक्त्यात ते वेगळे येवो न येवो, मूळ कागदावर तरी राहील.

मी हे सगळे त्या म्हाताऱ्याला समजावून सांगितले. त्याने पिशवीतले मीठ-मिरची नीट लावून घेतली, बायकोला त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितले आणि मग मला विचारले, “ते बरोबर हाये साहेब. पण तो लिहिनारा आमच्या वस्तीवर येईन का?”